शेवटच्या उंटिणीची घंटा

मित्रांनो, उंटाच्या गळ्यात आयुष्य काढलेली मी एक म्हातारी घंटा. माझा काठ एका बाजूने झिजला आहे, अंगावर हिरवा गंज चढला आहे. आता मला कोणी वाजवत नाही. वाजवू नयेच, असं मलाही वाटतं.

माझा जन्म काशगरच्या एका भट्टीत झाला. मला ओतणारा कारागीर नमाज पढायचा, माझ्यावर कमळ कोरणारा बुद्धापुढे दिवा लावायचा, आणि मला विकत घेणारी सिलिक त्या दोघांशीही सारखीच घासाघीस करायची. ती तुर्फानची. नवरा वारल्यावर काफिल्याचे उंट तिनेच सांभाळले. पुढे तिचा मुलगा तुर्मिश म्होरक्या झाला, तरी मला कोणत्या उंटाला बांधायचं ते तीच ठरवत असे.

माझी जागा होती माळेतल्या अगदी शेवटच्या उंटिणीच्या गळ्यात. शेवटी राहण्यात कसला मान, असं तुम्हाला वाटेल. पण सगळा काफिला माझ्यावर विसंबून चालायचा. प्रत्येक उंटाची वेसण पुढच्या उंटाच्या खोगिराला बांधलेली असते आणि मध्ये मुद्दाम एक कच्चा दोरा घालतात. उंट अडखळून बसला तर त्याचं नाक फाटू नये, दोराच तुटावा म्हणून. दोरा तुटला की मागचे उंट तिथेच राहतात, माझा आवाज थांबतो, आणि पुढे चालणारा तुर्मिश तिथल्या तिथे उभा राहतो. मी वाजत असेन तोवर सगळं ठीक.

काय दिवस होते ते! तुर्मिशच्या गळ्यात खानाच्या शिक्क्याची पाटी असायची. ती दाखवली की प्रत्येक ठाण्यावर पाणी, चारा आणि झोपायला जागा. आम्ही रेशीम आणि कागद पश्चिमेला नेत असू, काच आणि केशर पूर्वेला आणत असू. सिलिक इराण्यांकडून भातात मनुका घालायला शिकली, चिन्यांकडून हाताने शेवया ओढायला. कुठल्याशा ख्रिस्ती बाईकडून शिकलेली एक अंगाई ती अर्थ न कळताच गुणगुणायची. ती बसायची माझ्याच उंटिणीवर.

बुखाऱ्याचा व्यापारी ख्वाजा साबिर तिला रोज चिडवायचा. "अहो आई, मागे बसून धूळ काय खाता? पुढे या की."

"पुढे तुझी बडबड ऐकावी लागते रे. त्यापेक्षा धूळ परवडली. ती निदान बोलत नाही."

मग म्हातारा खान वारला आणि त्याचे पुतणे एकमेकांवर उठले. एकाची पाटी दुसऱ्याला दाखवली तर मुंडकंच उडायचं. ठाणी ओस पडली. घोडेस्वार वाटा अडवून उंट नेऊ लागले आणि माणसांना जबरदस्तीने फौजेत भरू लागले.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाला आम्ही करड्या खिंडीपाशी आलो.

"आई, घंटेत बोळा घालतो," तुर्मिश म्हणाला. "वर स्वार फिरतायत म्हणे."

"घाल. पण मग मधूनमधून मागे येऊन उंट चाचपायचे असतात. तुझा बाप यायचा."

"माहितीये गं. आता मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही, बाबा. आठवण करून देतेय."

त्याने माझ्या पोटात लोकरीचा बोळा कोंबला. खिंडीत शिरलो आणि वारा सुटला. भर दुपारी धुळीने काही दिसेना. साबिर पुढून ओरडला, "म्होरके, आता मागे जाऊ नका! एकदाचे पलीकडे जाऊ, मग चाचपा हवे तितके." तुर्मिशने ऐकलं.

आमची उंटीण दगडावरून घसरली आणि गुडघ्यांवर बसली. दोरा तुटला. पुढचा उंट धुळीत गेला.

"तुर्मिश!" सिलिकने हाक मारली. वाऱ्याने हाक उडवून नेली. मग ती खाली उतरली, माझ्यापाशी आली आणि दोन बोटांनी बोळा उपसू लागली. तो अर्धा बाहेर आला होता. तुर्मिश तेव्हा फार लांब नव्हता. मी वाजले असते तर त्याने ऐकलं असतं.

तेवढ्यात वरच्या कड्यावर टापा वाजल्या.

सिलिक थिजली. "स्वार," ती पुटपुटली. "आवाजावर येतील मेले. माझ्या पोराला धरून नेतील." तिने बोळा पुन्हा आत दाबला, मला पोटाशी घट्ट धरलं आणि डोळे मिटले. "गप्प राहा गं बाई. दोघी गप्प राहू."

टापा जवळ आल्या आणि आमच्या बाजूने गेल्या. मित्रांनो, ती रानगाढवं होती. त्या डोंगरांत त्यांचे कळप नेहमीच फिरतात. सिलिकने डोळे उघडले नाहीत, म्हणून तिला ते कधीच कळलं नाही.

बराच वेळ तिने वाट पाहिली. मग बोळा काढला आणि हात गळून पडेपर्यंत मला वाजवलं. ऐकायला कोणी उरलं नव्हतं. पाण्याच्या पखाली पुढच्या उंटांवर होत्या.

वादळ दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी तुर्मिश आणि साबिर परत आले. उंटीण जिवंत होती. सिलिक तिला टेकून बसली होती, पण गार पडली होती. तिच्या मुठीत बोळा होता.

तुर्मिशने तो पाहिला. "तिने घंटा वाजवली होती," तो म्हणाला. "मग मला ऐकू कशी नाही आली?"

"वारा होता, म्होरके. कुणालाच आली नसती."

"वाजव."

"काय?"

"तू इथे वाजव. मी पुढे जातो."

साबिरने मला वाजवलं. तुर्मिश शंभर पावलं गेला आणि त्याने हात वर केला. ऐकू येतं. आणखी पुढे गेला, पुन्हा हात वर. वारा पडला होता, खिंड रिकामी होती, माझा आवाज स्वच्छ जात होता. पार वळणापाशी तो ठिपक्याएवढा दिसत होता, तरी त्याने हात वर केला. मग तिथेच तो खाली बसला.

तिने त्याच्याचसाठी मला गप्प केलं होतं, हे त्याला सांगायला मी तळमळत होते. पण घंटेला एकच आवाज येतो. त्या आवाजाने मी त्याला एवढंच पटवलं, की आई हाक मारत होती आणि त्याने ऐकलं नाही. पुढे त्याने उंट विकले, मला धान्याच्या रांजणात टाकलं, आणि त्याच समजुतीत तो मेला.

मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी गप्प राहत असेल, तर ते बोलू शकतंय तोवर त्याला विचारा. नंतर वस्तूंना विचारू नका. आम्हाला सगळं ठाऊक असतं, आणि त्याचा काही उपयोग नसतो.