काचवाल्याने बांधलेली टाकी

काच कापण्यात आणि बसवण्यात ज्याची पंचवीस वर्षं गेली, त्याने टाकी विकत आणायची? काचवाल्याला ही कल्पनाच अपमानाची वाटली. मत्स्यालयाच्या दुकानदाराने तयार टाकी पुढे केली, तेव्हा तिचे सांधे अंगठ्याने चाचपत तो म्हणाला, "असलं काम मी डोळे मिटून करतो." दुकानदाराने खांदे उडवले.

टाकी हवी होती दोन न्यूटांसाठी. न्यूट म्हणजे दिसायला पाल, नात्याने बेडकाचा चुलतभाऊ. पाठ काळी, पोट शेंदरी. ते होते त्याच्या दहा वर्षांच्या लेकीचे. तिला सगळे टिचकी म्हणत. ती आईजवळ राहायची. आईने दुसरं लग्न केलं आणि नव्या घरात "पाली चालणार नाहीत" असं फर्मान निघालं. मग टिचकी प्लास्टिकचा डबा छातीशी धरून बापाच्या दारात उभी राहिली.

"बाबा, तू सांभाळशील यांना? मी दर शनिवारी येईन खायला घालायला."

आजवर ती यायची ती आईने पाठवलं म्हणून, महिन्यातून एकदा, घड्याळाकडे बघत. आता दर शनिवारी, आणि तेही आपणहून! काचवाल्याला आकाश ठेंगणं झालं.

टिचकीने सांगावं आणि त्याने मान डोलवावी. टाकी उंच नको, लांब हवी. पाणी अर्धंच. खडे गिळता येणार नाहीत एवढे मोठे. बाहेर येऊन बसायला चपटा दगड. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच घालायचं. ऊन नको. आणि झाकण घट्ट, कारण हे चोर काच चढून पळतात. त्याने सगळं तंतोतंत केलं. सांधे भरायला त्याने आपल्याकडची सिलिकॉनची सगळ्यात भारी ट्यूब काढली. बड्या लोकांच्या न्हाणीघरांत तो हीच वापरायचा, वर्षानुवर्षं ओल लागली तरी सांधा काळा पडत नाही. लेकीच्या कामात हात आखडता कशाला घ्यायचा? आठवडाभर टाकी वाळवली, वास गेल्यावर पाणी भरलं.

पहिल्या शनिवारी टिचकीने चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरून त्याच्या हाती दिला.

"हलव ना बाबा! त्यांना धड दिसत नाही, हललं तरच कळतं."

सरदार नावाच्या न्यूटाने झडप घातली. पेंगूळ नावाप्रमाणेच होता, त्याला तीनदा आमंत्रण द्यावं लागलं. टिचकी खदखदून हसली आणि म्हणाली, "मी आज इथेच जेवते." असे तीन शनिवार गेले. तीन शनिवार काचवाला सुखी होता, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं.

चौथ्या शनिवारी सरदार पाण्यात उतरेना. दगडावर चिकटून बसला होता, कातडी चिंध्यांसारखी सुटलेली. पेंगूळही तोंड फिरवू लागला. टिचकी तासभर चिमटा हलवत बसली.

सोमवारी काचवाला टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन दुकानदाराकडे गेला. दुकानदाराने तपासलं. नेहमीच्या चाचणीत पाण्यात खोट निघाली नाही.

"सांधे कशाने भरलेत, काचवाले?"

त्याने पिशवीतून ट्यूब काढून दिली. दुकानदाराने चष्मा लावला, ती उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं वाचली: मत्स्यालयासाठी वापरू नये.

"बुरशी मारायचं औषध असतं यात. ते पाण्यात उतरतं, आणि यांची कातडी म्हणजे टीपकागद."

पंचवीस वर्षं ती ट्यूब पिळली, पण उलटी करून कधी वाचली नव्हती. आपल्या कामाबद्दल आपल्याला कोण काय सांगणार! तो धावत घरी आला, दोघांना बादलीत काढलं. पण वरातीमागून घोडं. गुरुवारपर्यंत दोघेही गेले.

शनिवारी टिचकी आली ती अळ्यांचं नवं पाकीट घेऊन. रिकाम्या टाकीसमोर थांबली.

"काय झालं, बाबा?"

खरं काय ते त्याने चार वेळा घोकून ठेवलं होतं. पण तिचा चेहरा बघितला आणि मनात आलं: हिला कळलं तर ही पुन्हा या दारात येईल?

"अगं, खाणं जरा जास्त झालं असेल," तो तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. "तू फार हौसेने भरवायचीस ना."

नाचता येईना अंगण वाकडं. आणि अंगण तरी कुठलं शोधलं गड्याने, तर पोटची पोर!

"पेंगूळला नको असायचं," ती हळूच म्हणाली. "तरी मी द्यायचे."

"जाऊ दे. आपण नवे आणू."

"नको."

पुढच्या शनिवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या शनिवारी तिच्या आईचा फोन आला.

"ती यायचंच नाही म्हणते. त्या खोलीत गेलं की आठवतं म्हणे. शाळेत ससा आणलाय, त्यालाही हात लावत नाही, माझ्या हातून मरेल म्हणते. खरं सांग, खाण्यानेच गेले का रे ते?"

काचवाल्याने घसा खाकरला. पलीकडे आईच्या शेजारी कुणीतरी श्वास रोखून उभं होतं, ते त्याला कळत होतं.

"हो," तो म्हणाला. "पण तिला सांग, बाबा रागावलेला नाही."