आत्माराम बाळंत होतो

"पेशंट कोण होणार?" ट्रेनिंगला आलेल्या मॅडमनी विचारलं, आणि आमच्या सरकारी दवाखान्यातल्या सगळ्या बाया एकदम छताकडे बघायला लागल्या.

वसई तालुक्यातल्या कामणच्या पलीकडे, गोदामांच्या मागे आमचा दवाखाना. ट्रेनिंगचा विषय होता बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. खोटंखोटं बाळंतपण करायचं, लाल पाणी वाहू द्यायचं आणि खऱ्या हातांनी ते थांबवायचं. पण टेबलावर पडून मरायला टेकायचं कोणी? सेलिन सिस्टरला दिवस गेलेले. आया यमुनाबाई म्हणाल्या, "वास्तू तथास्तु म्हनते, मॅडम. मी नाय." मी ग्रेसी, इथली नर्स, वटार गावची, कॅथलिक; आमच्याकडे वास्तू काही बोलत नाही. तरी मी गपचूप छातीवर क्रुसाची खूण केली आणि मागे सरकले.

शेवटी जीपचा ड्रायव्हर आत्माराम दारात विडी ओढताना सापडला. पन्नाशीचा बाप्या, झुपकेदार मिशा. यमुनाबाईंनी त्याला ओढत आणून टेबलावर झोपवला आणि पोटावर उशी बांधली.

"माजी संपदा भरल्या दिवसांची माहेरी आलीय, आनी तुमी मलाच बाळंत करता?" तो कुरकुरला.

संपदा त्याची एकुलती एक लेक, पहिलटकरीण. तिला आमच्याकडे आणणार नाही, सरळ वसईला खासगीत नेणार, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. मला राग आला होता. पण तो रोज आमचा कारभार बघत होता, त्याच्याशी भांडणार कुठल्या तोंडाने?

मॅडमनी लाल पाण्याची पिशवी फोडली. आमचे डॉक्टर हर्षवर्धन नवे, देशावरचे, हुशार. त्यांनी नाडी धरली आणि आमच्या दवाखान्याचा कुलमंत्र म्हटला, "वसईला पाठवा!" झालं. सेलिन फोनकडे, मी चिठ्ठी लिहायला, यमुनाबाई दाराकडे.

"जीप काढा! अरे, हा ड्रायव्हर कुठे मेला?"

"हितं," टेबलावरून आवाज आला. "मगासपासून मरतोय."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. मॅडम हसल्या नाहीत. "तुमची पेशंट वाटेतच गेली," त्या म्हणाल्या. "पोटाला कोणी हात लावला? इंजेक्शन कोणी दिलं? सगळे पाठवायच्या घाईत!"

आत्माराम उठून बसला. खाकी पँटीतून लाल पाणी ठिबकत होतं. तोही हसत नव्हता.

"म्हंजे आजवर मी ज्या बायकांना नेलं," तो म्हणाला, "त्यांना कोनी हात न लावताच माज्या गाडीत घातलं?"

तो परत आडवा झाला. "पुन्ना करा. मी वाचल्याबिगर उठनार नाय."

मग दिवसभर आम्ही त्याला बाळंत करत राहिलो. एकदा मी त्याचं पोट इतकं जोरात चोळलं की त्याने माझ्या सात पिढ्या उद्धारल्या. मॅडम म्हणाल्या, "हां, आता बरोबर."

त्याच आठवड्यात संपदाला कळा लागल्या आणि तो तिला आमच्याकडेच घेऊन आला. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी आधी इंजेक्शनं जागेवर आहेत का ते दोनदा बघितलं. मुलगी झाली, वारही पडली, आणि रक्त सुरू झालं. थांबेचना. बाहेर जीप चालू करून ठेवलेली. डॉक्टरांनी तोंड उघडलं ते "पाठवा" म्हणायलाच, हे मी ओळखलं, कारण माझ्याही जिभेवर तेच आलं होतं.

दाराबाहेरून आत्माराम ओरडला, "आधी हात लावा तिला!"

मी हात लावला. सेलिनने इंजेक्शन दिलं, डॉक्टरांनी सलाईन लावलं, मी गर्भाशय चोळत राहिले. संपदा कळवळून बापासारख्याच शिव्या देत होती. मला त्या फार गोड लागल्या, कारण शिव्या देणारी बाई जिवंत असते. हळूहळू हाताखालचा मऊ गोळा टणक झाला. रक्त थांबलं.

मी सांगायला बाहेर धावले. जीप तशीच घरघरत होती. आत्माराम स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडत होता.

"अरे दादा, जगली तुझी लेक! नात झाली!"

"आयकलं, सिस्टर." त्याने मिशांवरून हात फिरवला. "पाड्यावरची ती बाय आठवली. गेल्या साली मागच्या सीटवर गेली ती. ती पन जगली असती ना?"

"हो," मी म्हणाले.