उन्हाळी वाघाचा रंग

त्या दिवशी अब्बा डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत दुमडून अंगणात भर उन्हात बसले होते आणि उजव्या हातानं भाकरी खात होते. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत त्यांनी पिवळ्या रंगाचे तीन चौकोन ओढले होते. पेवडीची पिवळी पूड तिन्हींत एकच, पण एक अळशीच्या तेलात राळ कढवून केलेल्या रोगणात कालवलेली, एक सरसात आणि एक बाभळीच्या डिंकात.

"सावलीत तरी या की," मी म्हणाले.

"वाघ काय सावलीत नाचतोय व्हय?"

माझे वडील मौला चितारी. दुकानांच्या पाट्या, देवळांच्या भिंती, ताबुतांच्या कागदी कमानी, सगळं रंगवायचे. पण कोल्हापुरात त्यांचं नाव होतं ते मोहरमच्या वाघांसाठी. घरातलं माणूस दुखण्यातून उठावं म्हणून लोक वाघाचा नवस बोलत, त्यात हिंदूही असत आणि आम्हीही. दहाव्या दिवशी सकाळी अंगभर रंग लावून घ्यायचा, हलगीवर नाचत मिरवणुकीबरोबर जायचं आणि ताबूत पंचगंगेला पोचल्यावरच अंग धुवायचं. त्याआधी रंग उतरला तर नवस फिटला नाही असं धरत.

शाहू महाराजांना गादीवर येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. प्लेगच्या सालांत मिरवणुका निघाल्याच नव्हत्या. त्या साली पुन्हा निघणार होत्या. पण मधल्या काळात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आमचा महिना दरसाल थोडा मागं सरकतो. अब्बा वाघ रंगवायला लागल्यापासून मोहरम थंडीत, नाहीतर पावसात आला होता. आता तो ऐन चैत्र-वैशाखात येऊन पडला, आणि या उन्हात कुठला रंग टिकेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मागं उन्हाळ्यात आलता तवा वाघ बाबाजान रंगवायचे," अब्बा माझ्या आजोबांविषयी म्हणाले. "काय लावत हुते कुणास ठाऊक. मी आपला शेपूट धरून मागनं पळायचो."

दुपारी जोतीराम आला. शिरोळकडचा शेतकरी, अंगानं पैलवान, रंगानं काळाभोर. त्याची पोरगी धोंडू प्लेगातनं वाचली होती आणि नवस तिच्यासाठी होता. आल्या आल्या त्यानं मुंडासं काढून घाम पुसला.

"मौलाभाई, मिरजंला नमुन्याला रंगवल्याल्या एका वाघाचं दुपारपतोर मांजर झालं म्हणं."

"रंगवणारानं मांजरच रंगवलं असंल."

"हसू नगासा. पोरीच्या जिवाचं हाय. रंग गेला तर मी तोंड कुणाला दावू?"

अब्बांनी त्याच्याकडं पाहिलं आणि हसणं थांबवलं. "न्हाई जाणार. जबान दिली."

नवरा प्लेगात गेल्यापासून मी अब्बांकडंच होते. सकाळी गल्लीतल्या मुलींना अक्षरं शिकवायची, दुपारी रंग घोटायचे आणि उरलेल्या वेळात अब्बा कुणाकुणाकडून मागून आणतील ती पुस्तकं वाचायची. त्या संध्याकाळी मी सरसाचं भांडं खरवडत होते. अब्बा हातावरचे चौकोन दिव्याजवळ धरून बघत होते.

"उद्या सकाळी सांगतो कुठला ते," म्हणाले आणि झोपले.

सकाळी ते उठले नाहीत. हकीम आला, छातीला कान लावला आणि चप्पल घालायला लागला.

मी बायकांत आतल्या खोलीत बसले होते. मागच्या अंगणात पुरुष मंडळी मय्यत न्हाऊ घालत होती. मधेच अमीनचाचा दाराशी आले. हे अब्बांचे धाकटे भाऊ. घरांना चुना लावायचं काम करत. त्यांनी आत न बघता विचारलं, "मेहमुदा, त्येच्या हातावरचा रंग कशानं निघंल? दोन निघाले. एक निघतच न्हाई."

"कुठला?"

"मनगटाजवळचा."

तो रोगणाचा होता. "गोडं तेल चोळा," मी म्हणाले. "मग राखेनं."

बायकांपैकी कुणीतरी माझ्याकडं चमकून पाहिलं. मी रडले नाही याची नंतर गल्लीत चर्चा झाली असं ऐकलं. मला त्या वेळी एवढंच वाटत होतं की अब्बांनी सकाळी सांगतो म्हटलं होतं आणि सांगितलंही.

तिसऱ्याची फातिहा झाल्यावर जोतीराम आला. उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला. चाचा त्याला दुसऱ्या पेठेतल्या रंगाऱ्याचं नाव सांगायला लागले.

"न्हाई चाचा," मी आतून म्हणाले. "अब्बांनी जबान दिली हुती. रंग मी करते. लावा तुम्ही."

"तू?"

"घोटत कोण हुतं इतकी वर्षं?"

परक्या पुरुषाच्या उघड्या अंगाला मी हात लावणं शक्यच नव्हतं; तेव्हा दार अर्धं लोटून मी आत बसायची आणि चाचा बाहेर, असं ठरलं. मी रोगण कढवलं, पेवडी कालवली. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी चाचांनी जोतीरामाच्या पाठीवर नमुन्याला रंग लावला आणि मी त्याला उन्हात बैठका मारायला सांगितलं.

रंग छान चमकला. मग त्याच्याखाली बारीक फोड उठल्यासारखं दिसू लागलं. जोतीराम बैठका मारत राहिला. घाम आतून दाटला आणि जागोजागी थर तापल्या दुधावरच्या सायीसारखा सुटून आला.

"बाई, आतनं भाजाय लागलंय!" तो ओरडला. "वाघ न्हवं, ह्यो तर भाजल्यालं वांगं!"

चाचांनी घाईनं पाठीवर तेल ओतलं. मी दाराआड उभी होते. पावसापासून वाचवणारा रंग बाहेरचं पाणी अडवतो. उन्हाळ्यात पाणी आतून येतं. आणि ज्या हातावर तो टिकल्याचं मी ऐकलं होतं, त्या मेलेल्या हाताला घाम येणार नव्हता. एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी तिथंच खाली बसले.

बाहेर चाचा म्हणत होते, "जाऊ दे जोतीराम. मौला गेला, त्येचा वाघबी गेला म्हणायचं."

"पोरीला काय सांगू?" जोतीराम म्हणाला.

मी फटीतून पुन्हा त्याची पाठ बघितली. तेल सगळीकडं पोचलं नव्हतं. चाचांचा हात भिंतीला सरावलेला. कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांमध्ये जागा राहायच्या. त्या मोकळ्या रेघांतून घाम पाटातल्या पाण्यासारखा खाली उतरला होता आणि त्यांच्या काठचा रंग जागेवर होता.

"चाचा, पुसू नका," मी म्हणाले. "घामाला वाट ठेवायची."

"म्हंजे?"

"पिवळा लावायचा, पण पट्ट्यांच्या जागा कोऱ्या सोडायच्या. जोतीरामदादांचं अंगच काळं हाय. तेच पट्टे. नुसती कडंला काजळाची रेघ ओढायची."

"पट्टे न रंगवल्याला वाघ? मौलाच्या नावावर लोक थुंकतील!"

जोतीराम मात्र मान वळवून दाराकडं बघत होता. "लगीन जमंना झालतं या काळ्या रंगापायी," तो म्हणाला. "शेवटी कुठं तरी उपेगी पडतूय म्हणा की!"

चाचासुद्धा हसले. घरात मय्यत झाल्यापासून कुणी पहिल्यांदाच हसत होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

आता प्रश्न पिवळ्याचा राहिला. डिंक घामात विरघळणार. नुसता सरस वाळून तडकणार. हातकागदाच्या कामाविषयी मी एका पुस्तकात वाचलं होतं की शाई फुटू नये म्हणून कागदाला सरस देतात आणि तो पाण्यानं सुटू नये म्हणून त्यात तुरटी घालतात. कागदाला चालतं ते कातडीला का चालू नये? मी सरस पातळ केला, तुरटी विरघळवली, तडकू नये म्हणून थोडं गुळाचं पाणी घातलं आणि आधी माझ्या दंडावर लावून चुलीपुढं भाकऱ्या थापायला बसले. शेवटच्या भाकरीपर्यंत घामानं माझी चोळी भिजली. दंडावरचा रंग थोडा फिकटला, पण सुटला नाही. मग तोच जोतीरामाच्या खांद्यावर लावून पाहिला.

"भाजतंय का?" चाचांनी विचारलं.

"गार लागतंय," तो म्हणाला.

दहाव्या दिवशी सकाळी चाचा रंग लावत होते आणि मी दाराआडून सांगत होते. "काखेत नको. मानंमागं नको. गुडघ्याच्या मागं नको. चाचा, भिंत न्हाई ती, हळू!"

"मौलासारखीच वसवस करतीयास बघ," चाचा म्हणाले. मग त्यांनी कुंचला पुन्हा रंगात बुडवला.

मिरवणूक निघाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी शेजारच्या चाँदबीबरोबर घाटावर जाऊन बायकांत बसले. पंचगंगेला पाणी कमी होतं. दूरवर हलगी ऐकू येत होती. किती वेळ ती जवळच येईना. मग पंजे आले, ताबूत आले, आणि पहिला वाघ दिसला. तो दुसऱ्या एका तालमीचा. त्याचा पिवळा रंग पोटावरून ओघळून धोतरात उतरला होता आणि काळे पट्टे एकमेकांत मिसळले होते. बिचारा तरीही जीव तोडून नाचत होता.

त्याच्या मागं जोतीराम. कपाळावरचा रंग गेला होता, हनुवटीचाही. शेपूट कुठंतरी गर्दीत तुटून पडलं होतं. पण खांद्यापासून पिंढऱ्यांपर्यंत तो पिवळा होता, आणि घामानं चमकणारे त्याचे कोरे पट्टे नाचताना खरोखर हलत होते. माझ्या शेजारची एक म्हातारी लगबगीनं मागं सरकली.

"आगं बया! ह्यो जित्ता हाय की!"

ताबूत पाण्यात गेले. जोतीराम कमरेइतक्या पाण्यात शिरला. त्याची बायको चिमणाबाई कडेवर धोंडूला घेऊन काठावर उभी होती. तुरटीमुळं रंग सहजी निघेना, तेव्हा ती हसत हसत वाळू फेकू लागली. "घासा आता! असंच घरला आला तर म्हस दूध देयाची न्हाई!" पिवळं पाणी त्याच्याभोवती पसरलं आणि पुढं गेलं.

वर आल्यावर तो माझ्यापासून जरा लांब, मान खाली घालून उभा राहिला.

"बाई, एक हाय. सांगावं का न्हाई, कळंना झालतं. जबान दिली त्या दिशी मौलाभाई मला म्हणालते, 'माझ्या पोरीचा जल्म माझं रंग घोटण्यात चाललाय बघ. म्या तिला सुख दिलं न्हाई.' डोळं भरलतं त्येंचं."

एवढं सांगून तो बायकोकडं गेला.

आमच्या घरात असलं बोलायची रीत नव्हती. सरस ऊन झाला का, पेवडी संपत आली, राळ गाळून घे. एवढ्यावर आमचं भागत होतं. मला वाटायचं, बाकीचं त्यांना दिसतंच आहे. चुलीपुढून उठून कुंचला हातात घेतल्यावर माझा चेहरा कसा होत असेल ते त्यांनी बघितलंच असेल. दुसऱ्या लग्नाची स्थळं मी का परतवली, तेही त्यांनी ओळखलं असेल. त्यांनी काहीच ओळखलं नव्हतं.

"चल बेटी," चाचा म्हणाले. त्यांचे हात अजून पिवळे होते.

मी नदीकडं तोंड केलं.

"अब्बा," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. काठावरच्या बायका वळून बघू लागल्या. मी थांबले नाही. "अब्बा, मी सुखात हुते. तुमच्याजवळ बसून रंग घोटताना मी लई सुखात हुते."