देवरावच्या नरड्यावरची कुऱ्हाड

“थांबा बे! हात खाली घ्या. मी आता जे सांगनार हाय, त्याच्यावर तुमच्यातल्या एकाचाबी इस्वास बसनार नाही,” असं म्हणत देवराव काठीच्या आधारानं उठला, तेव्हा सहा-सात हात वर गेले होते आणि आणखी काही पदराआडून, उपरण्याआडून बाहेर यायच्या बेतात होते.

हात खाली आले. म्हातारा गोष्ट सांगणार म्हटल्यावर मंडळी कोणत्याही कामातून हात काढून घेत असे, मग ते काम एखाद्या माणसाला मंडळीतून काढायचं का असेना.

बोरी अरबपासून कोसभरावरचं ते टिनाचं चर्च. फाल्गुनातलं ऊन चढलं तसे वरचे पत्रे टणटण आवाज करू लागले होते. पुढं मेजावर पांढऱ्या फडक्याखाली भाकर झाकून ठेवली होती आणि तिच्या शेजारी पितळेच्या पेल्यात मनुकांचं पाणी. आज प्रभुभोजनाचा रविवार होता. आणि उंबऱ्याबाहेर, सगळ्यांच्या चपला-जोड्यांमध्ये, उकंडा उकिडवा बसला होता. त्यानं आत येऊन त्या भाकरीला हात लावायचा की नाही, एवढाच सवाल होता. नाही म्हणणाऱ्यांचे हात पंच मोजत होते.

उकंडाच्या गावात होळीआधी गुरांवर बुळकांडी आली. दावणीची दावण रिकामी व्हायला लागली. गावानं ठरवलं, घरटी एका माणसानं मरीमायच्या ओट्यावर यायचं, डोकं टेकवायचं. उकंडाचं घर गेलं नाही. मग कोणीतरी म्हणालं की माय कोपली ती या घरापायी. ज्यांचे बैल डोळ्यांदेखत रक्त हगून मेले होते अशी माणसं ती. वाईट नव्हती, पण भेदरलेली होती. पऱ्हाट्यांचा भारा घेऊन येणाऱ्या उकंडाला त्यांनी वाटेत धरलं, बाभळीशी रेटलं आणि कुऱ्हाडीचं पातं नरड्याला लावून विचारलं, “तुह्या ख्रिस्ताले सोडलं का नाही?”

पातं जेवढी हलू देईल तेवढी उकंडानं मान हलवली. सोडलं. मग त्यानं मळवट भरून घेतला आणि ओट्यावर डोकं टेकवलं. जनावरं मरायची ती त्यानंतरही मेलीच.

हे सगळं त्याच्या बायकोनं, सत्यभामेनं, पाळकसाहेबांना सांगितलं होतं. उकंडानं स्वतः त्या दिवसापासून तोंड उघडलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याचे सगळे भाऊबंद बौद्ध झाले, चला म्हणाले, तेव्हा हाच उकंडा हात जोडून म्हणाला होता, तुम्ही तुमच्या वाटेनं सुखानं जा, माही वाट मले सापडली हाय. म्हणजे तिकडेही आता त्याला जागा नव्हती, आणि गावाच्या लेखी तो कपाळाला मळवट लावूनही परकाच. राहिलं होतं हे टिनाचं छप्पर.

“प्रभूच्या त्या शिष्यानंही कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हटलं होतं, मी याला ओळखत नाही,” पाळक नागोराव मघाशी म्हणाले होते. ते वयानं लहान होते आणि बोलताना मेजाचं फडकं सारखं करत राहायचे. “त्याला प्रभूनं टाकलं नाही.”

“तो रडला होता, साहेब,” मारोतराव म्हणाले. मंडळीचे पंच ते. “हा रडला? याले किती बार विचारलं, काहून केलं म्हून. बोलते का हा? अन् आज याले भाकर दिली, त उद्या माह्या बापाले मी काय सांगू? गावानं विहीर बंद केली तवा माह्या बापानं नाल्यातलं पानी पेलं. माही बहीण त्याच पान्यानं गेली. पन त्यानं धर्म नाही सोडला. ते काय मग फुकटच होतं?”

मारोतराव मनानं कठोर नव्हते. त्यांची एक बहीण त्या हिशेबात गेलेली होती.

आणि मग ते, देवरावकडे बोट करून, म्हणाले होते, “जीव भेते म्हन्ता? देवरावबाबाले जीव नव्हता? त्याइच्या नरड्याले कुऱ्हाड लागलीच होती ना? त्याइनं नाही सोडलं. मानसाच्यानं होते. समोर बसून हायेत पहा!”

तेव्हा देवरावचे कान तापले.

देवराव म्हणजे पंचक्रोशीतला पहिल्या नंबरचा थापाड्या. अडाण नदीच्या पुरात मगरीच्या पाठीवर बसून आपण पैलतीरी गेलतो, हे तो इतक्या बारीकसारीक तपशिलानं सांगे की ऐकणाऱ्याला धोतर ओलं झाल्यासारखं वाटे. मात्र त्याची थाप कोणी पचवू देत नसे. “कोन्ती मगर? मागच्या साली त सुसर होती!” असं मथुराबाई भर बाजारात ओरडायची, आणि म्हातारा खूश व्हायचा. थाप पकडली जाण्यातच तिची मजा असते असं तो म्हणे.

एकच गोष्ट कधी कोणी पकडली नव्हती. ती तो चर्चमध्ये, साक्ष म्हणून, दरवर्षी सांगत आला होता. तरुणपणी तो मिशनच्या डॉक्टरसाहेबांची दमणी हाकायचा. जंगलात दरोडेखोरांनी बैल अडवले, कुऱ्हाड नरड्याला लावली, आणि ख्रिस्ताला सोड म्हणाले. देवरावनं सोडलं नाही. उलट मोठ्यानं भजन म्हटलं. दरोडेखोर पळाले. त्या दिवशी खरं काय झालं ते देवराव आणि दमणीचे दोन बैल सोडून कोणाला ठाऊक नव्हतं, आणि बैल जाऊन जमाना झाला होता.

तर आता म्हातारा मेजापाशी येऊन उभा राहिला. चोरून त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं. उकंडा एका लहान मुलाची उलटी पडलेली चप्पल सुलटी करत होता.

“त्या रोजची गोष्ट,” देवरावनं सुरुवात केली. “मी दमणी घेऊन चाललो. भर दुपार. अन् झाडीतून निंगाले पन्नास दरोडेखोर!”

त्यानं मथुराबाईकडे आशेनं पाहिलं.

“पाच होते, बाबा,” मारोतरावच म्हणाले. “दरसाली पाच सांगता. आता वय झालं, इसरता.”

“पन्नास होते!” म्हातारा हट्टानं म्हणाला. “पन्नास घोड्यावर. घोडेबी पांढरे फक्क.”

“पाच का पन्नास, प्रभूले काय फरक पडते वं बाई?” मथुराबाई शेजारणीला म्हणाली आणि तिनं पदरानं डोळे टिपले. “आमेन.”

“आमेन,” चारजण म्हणाले.

देवरावला घाम फुटला. बाजारात जिनं त्याची मगर कधी खपवून घेतली नाही, ती बाई इथं पन्नास घोडे गिळून बसली होती.

त्यानं काठी आपटली. “त्याइच्या मोरक्यानं कुऱ्हाड उचलली, अन् झाडीतून वाघ आला! ढाण्या वाघ! आला, अन् माह्या पायापाशी मांजरावानी बसला. शेपटी हालवत.”

आता तरी कोणी हसेल म्हणून तो थांबला. पत्रे टणटण वाजले. मागच्या चटईवरचा हरिसिंग, जो जंगलखात्यात चौकीदार होता आणि ज्यानं उभ्या जन्मात वाघाला शेपटी हलवताना पाहिलं नव्हतं, तो गंभीरपणे म्हणाला, “पवित्र शास्त्रात भक्तापुढं सिंहाइनं तोंड मिटलं होतं. हा त वाघच.”

“आमेन.”

“बैलाइनं गुडघे टेकले!” देवराव जवळजवळ ओरडला. “दोघाइनंबी! अन् एक बैल बोलला!”

“शास्त्रात गाढवी बोलली हाय,” मथुराबाई म्हणाली. “बैल कायले नाही बोलनार?”

काय करावं! जी थाप फेकावी तिला शास्त्र वरचेवर झेलत होतं. म्हाताऱ्यानं असं संकट पाहिलं नव्हतं. आयुष्यभर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून खपला, आणि आज विश्वास ठेवू नका म्हणून खपत होता, तर एक माणूस ऐकेना. मारोतरावांचे डोळे भरून आले होते. ते उंबऱ्याकडे वळून म्हणाले, आणि त्यात राग कमी आणि दुखणं जास्त होतं, “ऐक, उकंडा. पन्नास होते. तुह्यापुढं त चारच होते.”

सत्यभामा बायकांच्या रांगेत शेवटी बसली होती. तिनं मान खाली घातली. नागोरावांनी फडक्याचं टोक सारखं केलं. कोणाचा तरी हात पुन्हा वर जायला लागला.

देवरावला दिसलं की आपण ती कुऱ्हाड आणखी धार लावून त्या पोराच्या नरड्यावर ठेवली आहे.

थांबावं तर गोष्ट अर्धी, आणि अर्धी गोष्ट सोडायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. ती आपल्या वाटेनं पुढं निघाली, जुन्या दमणीच्या बैलांसारखी. दरवर्षी करायचा तसा त्यानं उजव्या हाताचा तळवा उभा केला आणि त्याची कड नरड्याला लावली.

“असं पातं लागलं. इथं. थंडगार. मोरक्या म्हने, सोडतं का नाही? अन् मग मी...”

त्यानं हात खाली घेतला, छाती भरून श्वास ओढला, डोळे मिटले आणि भजन धरलं. आवाज अजून चांगला होता त्याचा. पहिली ओळ पत्र्यांवर जाऊन आदळली. दोघातिघांनी टाळ्यांचा ठेका धरला.

“बाबा.”

कोणाचा आवाज ते पटकन कोणाला कळलं नाही. ठेका मोडला. घोगरा, वापरात नसलेला आवाज होता, विहिरीच्या गंजल्या रहाटासारखा. सत्यभामेला तेवढा ओळखू आला. तिनं झटकन मान वर केली.

उकंडा चपलांमधून उठून उभा राहिला होता. उंबरा त्यानं ओलांडला नव्हता.

“बाबा,” तो म्हणाला, “गानं म्हनताना कुऱ्हाड कोठी गेली?”

“काय?”

“तुमी हात काढला खाली. त्याइनं कुऱ्हाड काढली होती काय?”

देवरावनं आपल्या हाताकडे पाहिलं. इतकी वर्षं तो ही गोष्ट सांगत होता आणि दर वेळी भजनाआधी हात खाली घेत होता. हे ना त्याच्या ध्यानात आलं होतं, ना ऐकणाऱ्यांच्या. तो पकडला जायला निघाला होता वाघाच्या शेपटीवर. या पोरानं बोट ठेवलं ते नेमकं तिथं, जिथं त्यानं कोणाला कधी येऊ दिलं नव्हतं.

“उकंडा,” मारोतराव म्हणाले, “गप. म्हाताऱ्या मानसाची साक्ष...”

“बोलू द्या त्याला,” नागोराव म्हणाले. त्यांनी फडक्यावरचा हात काढून घेतला होता.

“हात ठेवा,” उकंडा म्हणाला. तो रागानं बोलत नव्हता. कोणी रस्ता चुकलेला दिसला की सांगावं तसं सांगत होता. “मंघा होता तेथी. अन् काढू नका.”

देवरावनं तळव्याची कड पुन्हा नरड्याला लावली.

“दाबा. ते लोकं दाबते.”

नुसती टेकवली असती तरी चाललं असतं. कोणाला काय कळणार होतं? गाणंही निघालं असतं. देवराव या कलेत मुरलेला माणूस होता. त्याचा हात क्षणभर घुटमळला. मग तो हात आपसूक जरा खाली, डावीकडे सरकला, सवयीची जागा सोडून दुसऱ्याच एका जागी, जणू ती जागा त्याला कधीपासून ठाऊक होती. आणि तिथं म्हाताऱ्यानं खरोखर दाबलं.

“आता म्हना.”

देवरावनं तोंड उघडलं. ओळ ओठांवर होती, पण आली नाही. नुसता वारा आला, फाटक्या भात्यातून यावा तसा. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं. हात त्यानं काढला नाही.

“थुंकीबी गिळता येत नाही,” उकंडा म्हणाला. “गिळाले गेलं का गळा वर येते, अन् पात्याले लागते. श्वास चोरून चोरून घ्या लागते. नाव आठवते, बाबा. समदं आठवते. पन ते वर येत नाही.”

मथुराबाईनं आवंढा गिळला, आणि गिळताना थबकली. हरिसिंगचा अंगठा त्याच्या स्वतःच्या गळ्याशी गेला होता. मेजामागं मारोतराव उभे होते. पुन्हा मोजणीसाठी उचललेला त्यांचा हात हळूहळू खाली आला होता, पण कमरेपर्यंत पोचला नव्हता. तो मध्येच, गळपट्टीपाशी, थांबला. त्यांच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली.

उकंडानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर म्हाताऱ्यावर होती, त्या दाबून धरलेल्या हातावर.

“काढा आता हात,” तो म्हणाला. आणि मग, साऱ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात, “तुमी खोटं बोलले, बाबा. गानं म्हटलंच नाही तुमी.”