चाभीवाल्या गल्लीचं पान

वसीउद्दीन साहेबांना सगळं शहर मानतं. म्हणजे रुळांच्या अलीकडचं शहर. पलीकडचं शहर कुणाला मानतं हा वेगळा प्रश्न. आमच्या अलीगढचं हे असंच आहे. अलीकडे विद्यापीठ, बंगले, शेरवान्या, 'पहले आप'. पलीकडे टेकडीवरचा जुना ऊपरकोट, त्याच्या उतारावर चिकटलेल्या गल्ल्या, आणि घराघरांतून दिवसभर कुलपांवर कानस घासल्याचा आवाज. मध्ये आगगाडी आणि तिच्यावर कठपुला. तो पूल ओलांडायला पायी दहा मिनिटं लागतात. काही प्रोफेसरांना मात्र अख्खी नोकरी पुरत नाही.

वसीसाहेबांनी तो ओलांडला होता, निदान त्यांची ख्याती तशी होती. अडतीस वर्षांपूर्वी ते भूगोल विभागात नवे नवे लागले, तेव्हा मोहल्ल्या-मोहल्ल्यांत फिरून त्यांनी लिहून घेतलं की कोण कुठून आलं, कुठे वसलं आणि घरात काय बोलतं. गवळ्यांची ब्रज, फाळणीनंतर आलेल्यांची पंजाबी, बंगाली बाबूंची बंगाली, ऊपरकोटाची उर्दू. त्याचं इंग्रजी पुस्तक झालं, 'कोल शहर: वस्ती आणि बोली' अशा अर्थाच्या नावाचं. कोल हे आमच्या शहराचं जुनं नाव. त्या पुस्तकावर साहेबांची पुढची सगळी बढती झाली. निवृत्त झाले तरी अजून सत्कार होतात, आणि दर सत्कारात कुणीतरी उठून म्हणतंच, "कोलचा कानाकोपरा ज्यांनी पायाखाली घातला ते हे वसीसाहेब!" साहेब मान खाली घालतात. लोकांना वाटतं, काय ही नम्रता. नम्रता कसली डोंबलाची! त्या माणसाला लाज वाटत होती.

यंदा जानेवारीत, धुकं अजून अंगणातून हललं नव्हतं तेव्हा, सुंबुल आली. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता चाळिशीची, स्वतःच विभागात शिकवते. साहेबांच्या पुस्तकाचा हिंदी आणि उर्दू तर्जुमा तिने अंगावर घेतला होता.

"सर, एकशे बारावं पान सोडून सगळं झालं," तिने चहाचा पेला दोन्ही हातांत धरत सांगितलं. "त्या पानाआधी म्हटलं, एकदा जाऊनच यावं."

"कुठे?"

"चाभीवाल्या गल्लीत. अहो सर, काय तुमचा मान आहे तिथे! तुमचं पुस्तक हिरव्या कापडात गुंडाळून फळीवर ठेवलंय. उस्ताद छिद्दूंच्या घरात. उस्ताद तर कधीच गेले, पण त्यांची सून आहे, हाजरा दादी. म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांची बोली ह्यात लिहिलेली आहे."

साहेबांच्या हातातलं बिस्कीट चहात बुडालं ते बुडालंच.

"पण गंमत बघा," सुंबुल बोलत होती, "त्या पानावर बोलीबद्दल अक्षर नाही. 'घरं एक्केचाळीस, बोली उर्दू,' संपलं. छापताना काही गळलं का? तुमच्या वह्या असतील ना?"

आता बघा, माणूस घसरतो तो कसा. खोटं बोलायचं साहेबांच्या मनात नव्हतं. सुंबुलनेच ते बिचारीने हातात आणून ठेवलं, आणि त्यांनी घेतलं.

"गळलं असेल," ते म्हणाले. "आणि वह्यांना वाळवी लागली. तू असं कर, ते पानच वगळ."

"वगळू? मग गल्लीचं नावच जाईल शहरातून! तिथली निम्मी घरं आधीच उठून गेलीत." सुंबुल हसली. "आणि दादींनी रविवारी बोलावलंय तुम्हाला. उसाच्या रसातली खीर करणार आहेत. मी हो म्हणून आलेय. आता तुम्ही तब्येतीचं कारण सांगू नका, मी तुम्हाला ओळखते."

ओळखत नव्हती ती. तेच तर दुखणं होतं.

कारण वह्यांना वाळवी लागलेली नव्हती. त्या गल्लीच्या वह्या नव्हत्याच.

झालं होतं ते असं. जून महिना, अंग भाजणारी लू वाहत होती. एका सोमवारी तरुण वसीउद्दीन गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते. तिथे उस्ताद छिद्दू भेटले. सत्तरीचे, हाताची बोटं पितळेने पिवळी पडलेली. ते स्वतः होऊन म्हणाले, "साहेब, आमच्या कारागिरांची एक बोली आहे. आपसातली. व्यापारी समोर बसलेला असला तरी त्याला कळू नये म्हणून वाडवडिलांनी चालवली. आकडेसुद्धा वेगळे आहेत. लिहून घेणार का?" वसीउद्दीन म्हणाले, "घेणार तर! गुरुवारी येतो."

गुरुवारी ते आले. पायात बहिणीच्या लग्नात घेतलेले नवे जोडे होते. गल्लीच्या तोंडाशी नाली फुटलेली, पॉलिशच्या तेजाबाचा वास, वर आग ओकणारं ऊन. जोड्यांकडे बघून ते मागे फिरले. बस, एवढंच! कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे विभागातली दोन ज्युनियर पोरं भेटली. ज्युनियर भेटले की सीनियरने चहा पाजायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. साहेबांना बसायला सबब मिळाली. त्यांनी चहावाल्याला विचारलं, "या गल्लीत काय बोलतात रे?" तो म्हणाला, "काय बोलणार? आपल्यासारखंच." मग तिथेच बाकावर बसून, तीन चहांमध्ये, एक्केचाळीस घरांचे फॉर्म भरून झाले. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मनाशी म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात उस्तादांसमोर जायची लाज वाटली. आणि मग मुदत संपली.

एवढंसं पाप. कुणाचा गळा कापला नव्हता, कुणाची चूल विझवली नव्हती. साहेबांनी स्वतःला हजार वेळा हे समजावलं होतं आणि ते हजार वेळा पटलं नव्हतं. एवढंसं होतं तर मग अडतीस वर्षं कठपुल्यावर चढताना छातीत का धडधडायचं? बांगड्या घ्यायला बायको पलीकडे निघाली की हे अंगणात ऊन खात का बसायचे?

शनिवारी त्यांना झोप लागली नाही. रविवारी सकाळी कचोरी आली, ती तशीच झाकून ठेवली. बायकोने विचारलं, "काय होतंय?" "काही नाही," म्हणाले आणि शेरवानी चढवली. मग काय वाटलं कोण जाणे, ती उतरवून साधा स्वेटर घातला आणि जुने जोडे काढले.

गल्ली तीच होती, नाली आता झाकलेली होती. चार-पाच घरांतून कानशीचा आवाज येत होता, बाकी दारांना कुलपं. कुलपांच्या शहरातली गल्ली, कुलपं तरी मजबूत होती. हाजरा बी दारातच उभ्या होत्या. त्र्याहत्तर वर्षांची बाई, ताठ, ओढणीच्या टोकाला चष्मा बांधलेला.

"या प्रोफेसर साहेब, या! वाट चुकलात की काय? फार उशीर केलात." एवढं बोलून त्या हसल्या, आणि साहेबांना कळेना हा टोमणा की आदर.

"आदाब, आपा," ते कसेबसे म्हणाले.

बाजेवर बसवलं. खीर आली. खोलीच्या एका कोपऱ्यात लहानशी हातोडी, कुलपाच्या आत बसणाऱ्या पितळी पत्त्यांचं पातेलं आणि अर्धवट जुळवलेली कुलपं होती. हाजरा बी अजून घरी बसून कुलपं जुळवतात. साहेब खिरीत नुसता चमचा फिरवत होते. सुंबुल मात्र मजेत होती, वही उघडून बसली होती.

मग हाजरा बींनी फळीवरून हिरवं गाठोडं काढलं. हात पुसून गाठ सोडली. पुस्तक नवंकोरं होतं. एकशे बाराव्या पानात खूण म्हणून कुलपाची पितळी पत्ती ठेवलेली होती.

"छापून आलंय असं कळलं तेव्हा अब्बा, माझे सासरे, हे आणायला स्वतः चालत गेले होते पुलापलीकडे," त्या म्हणाल्या. "वाचा साहेब. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं. शेजारी सुंबुल, तिला इंग्रजी येत होतं. समोर हाजरा बी, त्यांना येत नव्हतं. खरं तर वाटेत साहेबांनी एक भाषण तयार केलं होतं, थोडं गोड, थोडं गोल. पण ती पितळी पत्ती दिसली आणि भाषण कुठल्या कुठे गेलं.

"चाभीवाली गल्ली," त्यांनी वाचलं. "घरं एक्केचाळीस. बोली उर्दू. वेगळं नोंदण्यासारखं काही नाही."

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"मी आलोच नव्हतो, आपा," साहेब म्हणाले. "गुरुवारी येतो म्हटलं होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि परत गेलो. जोडे नवे होते. चहाच्या बाकावर बसून सगळं भरलं मी. सुंबुल, वह्यांना वाळवी लागलेली नाही. वह्याच नाहीत."

सुंबुलने वही मिटली. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं.

"ठाऊक आहे," हाजरा बी म्हणाल्या.

साहेबांनी वर बघितलं.

"पुस्तक आलं त्याच महिन्यात शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलं मी. अब्बा इथेच बसले होते, तुम्ही बसलात तिथेच. मला म्हणाले, लिहिलंय ना सगळं? मी म्हटलं, सगळं. म्हणाले, आकडेसुद्धा? मी म्हटलं, आकडेसुद्धा." त्यांनी ओढणी उगाच नीट केली. "काय सांगणार होते मी? त्या गुरुवारी हा म्हातारा धुतलेला कुर्ता घालून सकाळपासून दारात बसला होता. शुक्रवारीही बसला. शनिवारीही बसला. मी म्हटलं, प्रोफेसर येतील हो, त्यांना कामं असतात. तुमची बाजू मी घ्यायची, आणि तुम्ही मला ओळखतही नव्हता."

"आपा, मला माफ..."

"थांबा, बोलू द्या. तुमचं खोटं मी पुढे चालवलं, ते माझ्याही मानेवर आहे. अब्बा रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना बसवून बोली शिकवायचे. पुस्तक आलं आणि बंद केलं. म्हणाले, आता छापून झालंय, पोरांच्या डोक्याला ताप कशाला? मी तिथेच उभी होते. तेव्हा तोंड उघडलं असतं तर शिकवत राहिले असते ते. नाही उघडलं. सात वर्षं जगले त्यानंतर, खुशीत जगले. मी मात्र त्यांच्या हसण्याकडे बघायची आणि जीव कसानुसा व्हायचा."

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायचं त्यांना सुचलं नाही. एवढंसं पाप म्हणून ज्याला अडतीस वर्षं हिणवलं, ते केवढं मोठं होतं ते आता त्यांच्यापुढे बसलं होतं.

"रडायला बोलावलं नाही तुम्हाला," हाजरा बी म्हणाल्या. "लिहायला बोलावलंय. नवं पुस्तक निघतंय ना, आमच्या लिपीत? त्यात खरं घाला. उद्या मी गेले आणि वर अब्बांनी विचारलं, तर काय तोंड दाखवू? मला येतं तेवढं सांगते. चला, आकड्यांपासून."

सुंबुलने आपली वही उघडून साहेबांसमोर सरकवली. साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि सवयीप्रमाणे समासात एक ते दहा आकडे एकाखाली एक आधीच मांडून ठेवले.

हाजरा बींनी पातेल्यातल्या पितळी पत्त्या ओंजळीत घेतल्या आणि कुलूप जुळवावं तशी एकेक पत्ती चादरीवर ठेवत बोलू लागल्या. "ठिक." साहेबांनी एकापुढे लिहिलं. "बरन." दोनापुढे लिहिलं. "कूस." हात चालत होता आणि त्याबरोबर तोंड, जणू शब्द बोटांतूनच येत होते. चौथा, पाचवा, सहावा. सातवी पत्ती हातात आली आणि हात हवेतच थांबला.

"दादी, सात?" सुंबुलने हळूच विचारलं.

"बायकांकडे जुळवायला सहा पत्त्यांचंच कुलूप द्यायचे, म्हणून माझी मोजणी सहापर्यंतच," हाजरा बी म्हणाल्या. "सात ते दहा पत्त्यांची अब्बा स्वतः करायचे. सहापुढचे आकडे ते मोठ्याने म्हणायचे, ऐकले होते मी. थांबा, आठवेल."

तिघंही थांबली. खीर गार होऊन वर साय धरली. शेजारच्या घरातली कानस थांबली, पुन्हा सुरू झाली. साहेब पेन धरून बसले होते, आणि समासातले खालचे चार आकडे त्यांच्याकडे बघत होते.

शेवटी हाजरा बींनी ती पत्ती पातेल्यात परत टाकली.

"गुरुवारी आत आला असतात," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तर सातही मिळाला असता."