चिंचेची फोक

हे कागदावर उतरवायचंच नाही, असं ज्ञानूनं ठरवलं होतं. पण रात्री हात लेखणीकडं गेलाच.

"मार," म्हणून वस्ताद नाथाजींनी चिंचेची फोक त्याच हातात कोंबली होती.

सकाळचे जोर आटोपून बापये तालमीच्या लाल मातीत बसले होते. कुणी लढाईवरून परतलेला, कुणी ऊसवाला. खुद्द वस्ताद शिकायला बसत, म्हणून कोरेगावाकडच्या त्या गावात ज्ञानूचा साक्षरतेचा वर्ग भरत होता. मातीत नाव लिहिताना वस्तादांचं बोट रोज एकाच जागी चुकायचं. ज्ञानू रोज हसून पुसायचा.

"वस्ताद, तुमी मला कुस्ती शिकवली. तुमच्यावर हात कसा उचलू?"

"शिकवली कशी? गालफाड सुजवून. तवा अंगात भिनली. तू चुकलं की हसतूस. पोरं खेळवतूस व्हय रं?"

ज्ञानूची करंगळी वाकडी होती. शाळेतल्या मास्तरानं मोडलेली. त्या दिवशी तो आणि आज इथंच मातीत बसलेला त्याचा सोबती हुसेन खिडकीतून पळाले, ते पळालेच. अक्षरं तो पुढं एकटाच शिकला, दुकानांच्या पाट्या वाचत. आपल्या वर्गात फोक आणायची नाही, एवढं त्यानं मनाशी घट्ट धरलं होतं.

"उठा रं," वस्ताद म्हणाले. "ह्यो आमाला चेलं मानत न्हाई. उद्यापासनं वर्ग बंद."

बापये उठले. धोतराची माती झटकू लागले.

ज्ञानूनं मारलं.

पहिली वस्तादांच्या तळव्यावर हलकी पडली. वस्ताद हसले. दुसरीनं कातडं फुटलं. मग दात आवळून तो मारतच सुटला. समोर तळवा कुणाचा, तेही दिसेना. मातीवर रक्त ठिपकलं. वस्तादांनी हात मागं घेतला नाही. त्याच हाताच्या बोटानं त्यांनी नाव लिहिलं. बरोबर. मग वाकून ज्ञानूच्या पायांना हात लावला.

ज्ञानूनं मान वर केली, तर सगळे बापये तळवे पुढं करून रांगेत उभे. तोंडावर समाधान.

वर्ग सुटल्यावर हुसेननं त्याला विहिरीपाशी गाठलं.

"समद्यांना मारलंस. मलाच तेवढं सोडलंस."

"तू माझ्यासंगं पळालावतास, हुसेन."

"तवा पोरगा हुतो. आता लोक म्हनत्याल, ह्येला शिकवायचंच न्हाई मास्तरला." हुसेननं तळवा उघडून धरला. शाळेतल्या मास्तरचा जुना वळ अजून पांढरा दिसत होता. "उद्या मारशील न्हवं?"

ज्ञानूनं फोक विहिरीच्या कठड्यावर टेकवली. टाकली नाही.

"मारीन गड्या," तो म्हणाला. "तुला पहिला."