न कुटायची गोळी

पाचव्यांदा रावजी तात्यांच्या फोनची रिंग पूर्ण वाजून थांबली, तेव्हा राजेश्वरीने आपल्या मेडिकलचं शटर ओढलं आणि स्कूटी बावड्याच्या रस्त्याला लावली.

दुपारी तात्या बावड्याहून इंदापूरला येऊन बायकोच्या, प्रयागबाईंच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन गेले होते. डॉक्टरांनी औषध बदललं होतं. दोन वेळच्या साध्या गोळ्यांऐवजी आता संध्याकाळी एकच, चोवीस तास पुरणारी. तेवढं तिने नीट समजावलं आणि एक सांगायचं राहून गेलं. अर्धांगवायूनंतर प्रयागबाईंना गोळी गिळवत नसे, म्हणून तात्या ती कुटून देत. मागे त्यांनीच काउंटरवर हसत सांगितलं होतं, "म्हातारपणी कुटायचं काम माज्याकडं आलंय." साध्या गोळीला ते चालून जात होतं. ही कुटली तर दिवसभराचं औषध एका दमात रक्तात उतरून रक्तदाब एकदम कोसळणार होता. डिप्लोमाच्या पेपरात तिने हेच लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

तात्या गोळी दिवेलागणीला देत. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता आणि पुढची ट्रॉली काही बाजू देईना. गुरुवारचा उपास, पोटात सकाळपासून नुसता चहा. ओठांत नाम चालू होतं, पण मधेच ते तुटायचं आणि 'मी बोलले कशी नाही' एवढंच उरायचं.

ती पोचली तेव्हा तुळशीपुढे दिवा लागलेला होता. ओसरीवर प्रयागबाईंच्या कॉटशेजारी तात्या वाटीत चमचा फिरवत बसले होते.

"तात्या, दिली का गोळी?"

"न्हाय अजून. मधात कालवतोय. का वं ताई?"

ती पायरीवर बसली. दम खाऊन म्हणाली, "ही गोळी ठिबकासारखी हाय, तात्या. दिवसभर थेंब थेंब सोडती. कुटली की पाट फुटल्यागत सगळं एकदम. मी सांगायला पायजे होतं. चुकलं माझं."

डाळिंबाची बाग राखलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागलं नाही. "फडक्यातनं गाळून घेतलीती," ते हळू म्हणाले. "गाठ ऱ्हाऊ नये म्हनून."

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. आजची गोळी राहू द्या, उद्या सकाळी या, पातळ औषध लिहून देतो, असं ते म्हणाले.

"ऐकलंस का," तात्या प्रयागबाईंकडे वळले, "तुज्या नवऱ्याची नोकरी गेली."

प्रयागबाईंनी मात्र वेळ झाली म्हणून सवयीने तोंड उघडून ठेवलं होतं.

तात्या उठले. वाटी मोरीत नेऊन दोनदा धुतली, पुसली. मग बाटलीतला नुसता मध चमच्याच्या टोकावर घेतला आणि तिच्या ओठांच्या चांगल्या बाजूने हळूच आत सोडला. तिचा गळा हलेपर्यंत ते चमचा तसाच धरून बसले.